छपरावरची फांदी

१५ एप्रिल

गिंकोच्या झाडाला थेंब आला! बाबांना सकाळी अंगणातूनच दिसला. मला खालून काही कळेना, नुसतं चकाकल्यासारखं वाटलं. "दाण्यांच्या तोंडाशी पाणी आलंय. झाड तयार आहे. उद्या पूड मारायची," म्हणाले.

म्हणजे मी मारायची. पंधरा वर्षं या घरात आहे. दरवर्षी खाली उभी राहून पंपात पाणी ओतलं, पण आमच्या गिंकोवर कधी पाय ठेवला नाही. वर जायचं काम नवऱ्याचं, च्यांगगनचं. तो यंदा सूझोला, इमारतीच्या कामावर, मुकादम सोडत नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले तेव्हापासून त्यांची कंबर गेली. मग राहिलं कोण? मी आणि माझी अकरा वर्षांची पोर, तिंगतिंग.

नरझाडाच्या परागांची पूड बाबांनीच तयार केली. आठवडाभर त्यांच्या खाटेवर कागद पसरून तुरे वाळत होते आणि हे स्वतः जमिनीवर झोपत होते. पिवळी, पिठासारखी पूड. दोन छोट्या बाटल्या भरल्या. एक उद्याची, दुसरी राखीव. "धो धो पाऊस येऊन सगळं धुऊन गेलं तरच दुसरी. तेही मी सांगितल्यावर. ऐकलंस ना पोरी? जास्त झाली तर कमी झाल्यापेक्षा वाईट."

संध्याकाळी फेइकाका आले. बाबांचे लंगोटीयार, गल्लीच्या टोकाला राहतात. स्वतःच्या नरझाडाची एक बाटली दरवर्षी आणून देतात, तशी आणली. तोंडाला मेण, वर लाल दोरा. बाबांनी ती आपल्या चहाच्या डब्यात ठेवून दिली. "सून चढणार म्हणे. झाडाला आधी सांगून ठेव, नाहीतर घाबरायचं," काका बाबांना म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.



१६ एप्रिल

काय करून बसले मी.

सकाळी सगळं नीट झालं होतं. बाबा मापं घालून देत होते, मी चढले. बांबूला बांधलेली नळी फिरवत शेंड्यापर्यंत पूड पोचवली. नऊला खाली उतरले. बाबा खूश. "च्यांगगनपेक्षा हात हलका आहे तुझा," म्हणाले आणि फेइकाकांबरोबर थायशिंग शहरात हमामात अंघोळीला गेले.

दुपारी आभाळ आलं. चार थेंब पडले. त्याला पाऊस म्हणणं म्हणजे पावसाचा अपमान. पण मला धीर धरवला नाही. डोक्यात एकच, मागल्या साली फेइकाकांचं सगळं धुऊन गेलं होतं आणि वर्षभर त्यांच्या मादीझाडाला एक फळ नव्हतं. पहिल्याच वर्षी माझ्या हातून असं झालं तर? बाबा संध्याकाळी येणार. तोवर थेंब सुकले तर? राखीव बाटली काढली आणि पंपात ओतली. शिडी ओली होती म्हणून वर गेले नाही. अंगणातूनच मारली. हाताला पोचते ती एकच फांदी, खालची मोठी, घराच्या छपरावरून गेलेली. सगळी बाटली तिच्यावर.

पाच मिनिटांत ऊन पडलं.

मी विहिरीपाशी दोन्ही बाटल्या धूत होते आणि बाबा आले. बाटल्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "चहा आहे का?" म्हणाले. बस्स. मी सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "आहे."

१७ एप्रिल

लख्ख ऊन. पाऊस नाहीच.

४ मे

फळ धरलं. वरच्या फांद्यांवर बेताचं, जसं हवं तसं. छपरावरच्या फांदीकडे बघवत नाही. एकेका डेखापाशी सात-सात, आठ-आठ, लसणाच्या गड्ड्यांसारखी. फेइकाका बघून म्हणाले, "बापरे, ही फांदी काय पेटली आहे का?"  मी भाजी निवडत होते, निवडतच राहिले.

अजून बारीक आहेत. महिन्याच्या मध्यावर झाड आपणहून गाळतं. गाळेल.

२१ मे

गाळत नाहीये.

आज काका ओट्यावर बसून त्यांच्या मामाच्या झाडाची गोष्ट सांगत होते. त्याने हाव धरून चौपट पूड मारली. फळं इतकी लागली की गाव बघायला आलं. ऑगस्टात फांदी मोडली आणि डुकरांच्या खोपटावर पडली. तीन डुकरं मेली. पुढच्या वर्षी त्या अंगाला पानच आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी झाडच गेलं. "अडीचशे वर्षांचं झाड, एका सकाळच्या हावेपायी," म्हणाले. "आमचं तर त्याहून जुनं," बाबा एवढंच बोलले आणि आत गेले.

मला हाव नव्हती. मी घाबरले होते. झाडाला काय त्याचं.

झाडावर सरकारी पत्रा ठोकला आहे, नंबर घालून. अर्ज केल्याशिवाय डहाळीही तोडता येत नाही. अर्ज केला की माणसं येणार, विचारणार एवढा भार कसा आला. बाबांच्या पणजोबांच्या पणजोबांनी लावलेलं झाड. बाबांसमोर उभी राहून मी काय सांगू?

९ जून

होड्यांचा सण. पानांत भाताच्या पुरचुंड्या बांधल्या, चाळीस. जेवताना बाबांनी नवीनच काढलं. म्हणे, "तिंगतिंगने माझ्या खोलीत झोपावं. मी तिच्या खोलीत जातो. तिकडे वारा येतो."

पोर रडकुंडीला आली. भिंतीवर तिची चित्रं, खिडकीत तिचा रेशमाच्या अळ्यांचा खोका. मी म्हटलं, "बाबा, इतकी वर्षं तुम्हाला वारा लागला नाही तो?" तर म्हणाले, "म्हातारपणी लागतो." ऐकलं नाही. जेवणानंतर स्वतःची गादी स्वतः ओढत नेली, त्या कंबरेने. इतका राग आला मला. लहान मुलासारखा हट्ट करतात हल्ली.

१० जून

सकाळी तिंगतिंगची चित्रं काढायला त्या खोलीत गेले आणि वर छपराकडे लक्ष गेलं. 

फांदी बरोबर त्या खोलीवरून जाते. इतके दिवस पोर तिच्याखाली झोपत होती आणि मी फळं बघत होते, खाली काय आहे ते बघितलंच नाही. आधी वाटलं, सुटले, पोर वाचली. मग लगेच कळलं आता तिथे कोण झोपतं ते. लाज वाटली. आधी सुटले असं वाटलं याची जास्त लाज वाटली.

१८ जून

बाबा हमामात गेले की शिडी काढते. हिरवी फळं बांबूने पाडते, टोपलीत भरून उकिरड्यात पुरते. ते येईपर्यंत अंगण झाडून लख्ख. दोन तासांत फार होत नाही. हाताला पोचतात ती जातात, छपराच्या वरची राहतात. हातांना पुरळ उठला आहे, चीक लागतो ना. रात्रभर खाजवते. तिंगतिंगला सांगितलं, साबण बदलला.

२० जून

आज पहाटे अंगणात फळं पडलेली. मी परवानंतर हात लावलेला नाही. कमीत कमी दोन टोपल्या. झाड आपणहून टाकायला लागलं की काय? पण वरच्या फांद्यांची एकही नाही, फक्त त्याच फांदीची. आजारी फांदी अशी टाकते म्हणतात. बुंध्याला हात लावून बघितला. झाडाला ताप येत नाही हे मला माहीत आहे, तरी बघितला.

२७ जून

पुन्हा तेच. पहाटे फळं खाली.

बाबांच्या मनगटावर लाल पुरळ दिसला. विचारलं तर म्हणाले, "डास." जवाच्या कण्यांची पेजही अर्धी टाकली. त्यांना काही झालं तर? खालची फळं तेच उचलत असतील बिचारे, मला वाकायला नको म्हणून. वयाला शोभत नाही, कंबर अजून मोडून घेतील.

६ जुलै

दुकानात जाऊन च्यांगगनला फोन केला. सगळं सांगणार होते, शब्द जुळवून गेले होते. "छपरावरची फांदी फार लवली आहे," इथपर्यंत आले. तो म्हणाला, "का? पूड नीट मोजली होतीस ना?" मी म्हटलं, "बाबांनी मोजली होती." खोटं नाही. बाबांनी मोजलीच होती. फोन ठेवल्यावर दुकानदारीण म्हणाली, "तोंड का उतरलंय गं, नवऱ्याने बाई ठेवली की काय?" मी हसले. तसं असतं तर निदान दोष त्याचा असता.

१५ जुलै

बांबूचे टेकू लावले, सहा. फेइकाका मदतीला आले. बाबा प्रत्येक टेकूला हाताने दाबून बघत होते. "सहा पुरणार नाहीत," म्हणाले. मग नऊ लावले.

२९ जुलै

दुपारी सगळे पडले होते. मी भांडी घासत होते. कर्र्र असा आवाज आला. लांब, सावकाश, जड दार उघडताना येतो तसा. धावत गेले. बाबा त्या खोलीत पाठीवर पडून उघड्या डोळ्यांनी छपराकडे बघत होते. "वारा," म्हणाले. पान हलत नव्हतं.

शिडीवर चढून बघितलं. खोडाला फांदी जिथे मिळते तिथे साल फाटली आहे. माझं बोट जातं.

३० जुलै

बाबांना म्हटलं, खाट मधल्या खोलीत लावू, मोठी आहे, दोन्हीकडून वारा.

"मधल्या खोलीत मेलेल्याला ठेवतात. तुझ्या सासूला तिथेच ठेवलं होतं. माझी घाई झाली आहे का तुला?"

 म्हटलं, मग तुमच्या जुन्या खोलीत जा, तिंगतिंग माझ्याकडे झोपेल. "पोरीला सवय झाली तिथे, राहू दे." म्हटलं, मग मी झोपते या खोलीत. त्यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. "तू या खोलीत पाय ठेवायचा नाहीस! पोरीला आई लागते."

मी स्वयंपाकघरात येऊन रडले. एकदा खरं सांगितलं की काम झालं. बाबा, ती फांदी मी भरली, ती मोडणार, उठा इथून. एवढंच वाक्य. जिभेवर येतं आणि परत जातं. पंधरा वर्षांत, आजचा दिवस सोडला तर, हा माणूस मला उलट शब्द बोललेला नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा तसं बघितलं की संपलं, असं वाटतं. म्हणून मी त्यांना मरू देणार आहे का? लिहिलं तेव्हा कळलं मी काय करते आहे ते.

४ ऑगस्ट

फटीत दोन बोटं जातात.

१३ ऑगस्ट

अर्ज केला. गावच्या कचेरीतल्या माणसाने वाचला, चष्मा काढला. "फळं उतरवायच्या तोंडावर फांदी तोडता? सप्टेंबर होऊ द्या, मग माणूस पाठवतो." म्हटलं, खाली माणूस झोपतो. "मग त्याला दुसरीकडे झोपवा ना, बाई," म्हणाला. बरोबरच बोलला. याहून शहाणं कोणी काही सांगणार नाही.

२० ऑगस्ट

रेडिओवर सकाळी सांगितलं, वादळ समुद्राकडून येतंय, उद्या नाहीतर परवा.

ऐकलं, हातातलं फडकं खाली ठेवलं आणि सरळ त्यांच्या खोलीत गेले. बसलेसुद्धा नाही. उभ्याने बोलले. एप्रिलमधली दुपार, चार थेंब, राखीव बाटली, सगळी याच फांदीवर. फट दाखवायला दोन बोटं पुढे केली. "बाबा, मला काय बोलायचं ते बोला, पण आधी इथून उठा."

 ते खाटेवर सरकून बसले आणि म्हणाले, "बस."

बसले.

"तू एक बाटली जास्त मारलीस. मी पण मारली. तू चढलीस त्याच्या आधी, पहाटे. फेइने दिलेली बाटली. म्हटलं सूनबाई पहिल्यांदाच करते आहे, चुकली तर निदान एक फांदी तरी हाताशी असू दे. अंगणातून पोचते तीच. तर निम्मं माझं आहे. उगाच सगळं आपल्या डोक्यावर घेऊन बसू नकोस."

मी बघतच राहिले. चार महिने मी एकटीच मरत होते आणि हा माणूस पलीकडे तेच करत होता! "म्हणून ही खोली घेतलीत?" तर उशी झटकायला लागले. "पहाटे फळं तुम्ही पाडत होतात?" तर म्हणाले, "तू दुपारी पाडतेस, मी पहाटे. हमामात जातो म्हणून सांगत होतो ते काय रोज अंघोळीसाठी? तुला वेळ मिळावा म्हणून फेइच्या ओट्यावर बसून राहायचो." आणि हसले. मी रडत होते की हसत होते मला माहीत नाही. छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. खरंच, मोजून निम्मा.

"आता तरी उठा," म्हटलं. "मधल्या खोलीत नाही," म्हणाले. मग खाट स्वयंपाकघरात चुलीशेजारी लावली. फेइकाका एका बाजूने, मी एका बाजूने. "आता सून तुला रोज फोडणीत परतणार," काका म्हणाले.

२२ ऑगस्ट

सकाळी नऊ. पाऊस आडवा येत होता. मी पेज वाढत होते, बाबा खाटेवर बसून खारवलेला मुळा चावत होते, तिंगतिंग त्यांच्या पायाशी. आधी टेकू गेले, काड्या मोडाव्यात तसे एकामागून एक. मग तो आवाज. घर हललं. पेजेचा वाडगा माझ्या हातातून पडला.

कोणी हललं नाही. बाबांनी तिंगतिंगच्या डोक्यावर हात ठेवला होता, तो तसाच. तोंडात मुळा होता तोही तसाच.

छप्पर फुटून फांदी आत आली आहे. खोलीच्या मधोमध, खाट होती तिथे, जमिनीत रुतली आहे. कौलं, वासे, पानं आणि सगळीकडे हिरवी फळं. तिंगतिंगच्या भिंतीवर एक चित्र राहिलं होतं, मांजराचं. ते तेवढं सरळ आहे.

मी दारात उभी राहिले ती किती वेळ कोण जाणे. परवा गप्प बसले असते तर आज मधल्या खोलीत बाबांना ठेवलं असतं.

२३ ऑगस्ट

वादळ गेलं. झाड उभं आहे. एका अंगाला मोठी पांढरी जखम. बाबा म्हणाले चुना आणि माती लिंपू, जगेल. काकांनी मामाच्या झाडाचं नाव काढलं नाही.

२६ ऑगस्ट

च्यांगगन आला. मुकादमाने चार दिवस सोडलं. खोली बघून पांढराफटक पडला, मग लाल. "पूड कोणी मारली होती?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माझ्या हातून जास्त पडली. दिसत नाही आता नीट. सुनेने सांगितलं होतं पुरे म्हणून, मी ऐकलं नाही."

माझ्या चुकीचा एक शब्द नाही. च्यांगगन त्यांना नको नको ते बोलला. "तीनशे वर्षांचं झाड, बाबा! पोर झोपते त्या छपरावर!" ते मान खाली घालून ऐकत होते. मी कौलं गोळा करत राहिले. मनात म्हटलं, निम्मं त्यांचंही आहेच की. आणि मला च्यांगगनची भीती वाटते, झाडाची वाटत होती तशीच.

२८ ऑगस्ट

बाबांचा चहा संपला म्हणून त्यांचा डबा घासायला घेतला. तळाशी फेइकाकांची बाटली. काठोकाठ भरलेली. मेण तसंच, लाल दोराही तसाच. एप्रिलपासून कोणी उघडलेली नाही.

बाहेर अंगणात च्यांगगन अजून त्यांना बोलतोय. बाटली घेऊन मी उठते.